वाय-फायवरची दुसरी सून

६ फेब्रुवारी

चि. भाऊ,

आशीर्वाद नेहमीचेच, आधी बातमी. आमच्या घरच्या वाय-फायवर एक परकं उपकरण आहे. हे मी म्हणत नाही, इंटरनेटवाल्यानं आज सकाळी स्वतः बघून सांगितलं. "काकू, नऊ जोडलेली दिसतायत," म्हणाला. मी घरभर फिरून मोजली, आठ भरली. त्याला चहा दिला आणि पुन्हा मोजली. आठच.

म्हणून हे पत्र. मी फोन करणार नाही, मेसेज टाकणार नाही, तूही टाकू नकोस. मी आयुष्यभर टेलिफोनच्या बोर्डावर बसून लोकांची बोलणी जोडून दिली आणि तू खांबांवर चढून त्यांच्या तारा ओढल्यास. मध्ये बसलेल्या माणसाला काय काय ऐकू येतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. पाकिटाला डिंक जास्त लावला आहे. उघडून पुन्हा चिकटवल्यासारखं वाटलं तर कळव.

झालं असं, की इंटरनेट काही दिवस रडतखडत चाललं होतं. मी कंपनीच्या नावानं बोटं मोडली, तेव्हा त्यांनी माणूस पाठवला. माणूस बरा होता. मागे गच्चीवर पॅनल बसवायला आला होता तसा धांदरट नव्हता, पाय पुसून आत आला. त्यानं मोबाइलवर वाय-फायच्या खोक्याचं आतलं पान उघडून मला सगळी नावं दाखवली. ही नावं ठेवायची पद्धत आमच्या थोरल्याची. अक्षरं इंग्रजी आणि शब्द आपले. टीव्हीचं नाव 'डबडं'. माझ्या फोनचं 'आईफोन'. तो तसला महागाचा नाही, आईचा फोन म्हणून. थोरला वेगळा राहायला गेल्यावर धाकट्यानं तीच पद्धत चालू ठेवली. त्याचा फोन 'शेंडेफळ', त्याच्या बायकोचा 'धाकटी', ती घरी बसून विमा कंपनीचे दावे तपासते त्या ऑफिसच्या कॉम्प्युटरचं नाव 'विमा'.

आणि नववं नाव काय असावं? 'सून ०२'.

थोरली सून एक नंबर, धाकटी दोन नंबर. थोरली इथं राहत नाही. मग हिच्याकडे आणखी एक फोन आहे आणि तो मला दाखवलेला नाही, याशिवाय मला तरी दुसरा अर्थ लागत नाही. आधी माझा संशय खालच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या मास्तरांवर होता. जिन्यात भेटले की "तुमचं नेटवर्क आमच्याकडे फार छान येतं" असं म्हणत असतात. पण मास्तर स्वतःला सून कशाला म्हणवून घेतील?

तू म्हणशील, असेना दुसरा फोन. पण थोरला गेला तेव्हाही असंच होतं. बंद दार, आतून हळू आवाजातलं बोलणं, मी आले की विषय बदलणं, आणि एक दिवस दारात सामानाचा टेम्पो. सगळ्यांत शेवटी कळलं ते मला. आता धाकटा आणि ती गेली तर या चार खोल्यांत मी आणि ते डबडं एवढेच उरतो. या खेपेला मला आधी कळायला हवं.

तर कुलूप कसं लावायचं ते नीट लिही. तुला यातलं कळतं असं तू तरी सांगत असतोस.

आक्का

११ फेब्रुवारी

आक्का, नमस्कार.

पाकीट कुणी उघडलं नव्हतं. डिंक एवढा होता की मलाच उघडता येईना. शेवटी कात्री लावली, त्यात तुझ्या पत्राचा एक कोपरा गेला, पण मथितार्थ पोचला.

आता नीट वाच. त्या खोक्याला दोन पासवर्ड असतात आणि लोक हमखास एकच लक्षात ठेवतात. एक वाय-फायला जोडून घ्यायचा. दुसरा खोक्याच्या आतल्या पानावर जायचा, जे तुला त्या माणसानं दाखवलं. हा दुसरा बहुतेकांच्या घरी कंपनीनं दिलेला तसाच राहतो, आणि तो खोक्याच्या बुडाला छापलेला असतो. म्हणजे कुलूप लावून किल्ली कडीलाच टांगल्यासारखं. तो आधी बदल. मग पहिला बदल. थोरल्यानं ठेवलेला असेल तर तुझं जन्मसाल असणार, मला माहीत आहे, माझ्याही घरी त्यानंच ठेवून दिला होता. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घे आणि लांबलचक ठेव. सुरक्षेचा प्रकार विचारला तर डब्ल्यूपीए थ्री निवड, तो नसेल तर टू, त्याच्या खाली उतरू नकोस. अपडेट मागत असेल तर देऊन टाक, पुढे ढकलत बसू नकोस.

खोक्याच्या मागे एक छोटं बटण असतं. ते दाबलं की थोडा वेळ पासवर्ड न विचारता कुठलंही उपकरण आत येतं. सोय म्हणून दिलंय, पण चोरालाही तीच सोय. आतल्या पानावरून ते बंद करता येतं. करून टाक.

आणखी एक. खोक्यात पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करता येतं. त्यावरच्या उपकरणाला इंटरनेट मिळतं, पण घरातल्या बाकीच्या उपकरणांपर्यंत पोचता येत नाही. सुनेचा ऑफिसचा कॉम्प्युटर त्यावर टाक. विम्याचे कागद परक्या लोकांचे असतात, ते तुझ्या डबड्याच्या शेजारी नसलेले बरे.

राहता राहिली 'सून ०२'. तुझा तर्क मला तरी बरोबर वाटतो. नाव इतकं स्वच्छ आहे की शंकेला जागाच नाही. पण तिच्यावर लगेच चालून जाऊ नकोस. आपण लाइनवर चोरून जोडलेला फोन कसा शोधायचो, आठवतं? लाइन तोडायची आणि तक्रार कुणाची येते ते बघायचं. तसंच कर. पासवर्ड बदल, कारण सांगू नकोस, आणि कोण बोंबलतं ते बघ.

हे सगळं हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "त्यापेक्षा आक्का तिलाच सरळ का नाही विचारत?" मी म्हटलं, लग्नाला इतकी वर्षं झाली आणि तू अजून आक्काला ओळखलं नाहीस.

भाऊ

१९ फेब्रुवारी

चि. भाऊ,

केलं. दोन्ही पासवर्ड बदलले, बटण बंद केलं, वेगळं नेटवर्क काढून त्याला नाव दिलं आणि तिचा कॉम्प्युटर तिकडे टाकला. इंटरनेटवाल्याला पुन्हा बोलावलं नाही, चष्मा लावून माझं मीच केलं. टीव्हीवर अक्षरं रिमोटनं टाकताना मात्र तुझ्या चार शब्दांना भरपूर शिव्या घातल्या.

नवा पासवर्ड कुणालाही सांगितलेला नाही. ज्यानं त्यानं आपलं उपकरण माझ्याकडे आणून द्यायचं, मी आत जाऊन जोडून देणार. धाकटा म्हणाला, "आई, आता घरात शिरायला पासपोर्ट लागणार का?" मी म्हटलं, "लागेल. फोटोही आण." तो हसला आणि फोन देऊन गेला. त्याच्या मनात काही नाही. त्याचं नेहमीचंच, कारखान्यातून येतो, जेवतो आणि झोपतो.

ती आली. तिनं फोन दिला, कॉम्प्युटर दिला. मी म्हटलं, "तुझा दुसराही आण."

"दुसरा कुठला?"

"असेल तो."

भाऊ, ती म्हणाली, "बरं," आणि आत गेली. बरं! नसेल तर माणूस "नाही" म्हणतो. "बरं" कशाला म्हणेल?

दुसरा फोन काही आला नाही. 'सून ०२' त्या क्षणापासून गायब आहे, आणि बोंबललं कुणीच नाही. आपल्या वेळी लाइन तोडली की दुपारपर्यंत चोर स्वतः ऑफिसात तक्रार घेऊन यायचा. ही गप्प आहे. जेवताना गप्प, भांडी घासताना गप्प. तिला कळलंय की मला कळलंय.

आणि आता ऐक. काल मी तिच्या खोलीच्या दाराशी होते. कान लावला नव्हता, शेजारच्या कपाटात चादरी ठेवत होते. दारापाशी ठेवत होते हे खरं. ती जिन्यात उभं राहून बोलावं तशा दबक्या आवाजात फोनवर बोलत होती. "हो, दोघंच. नाही, आई नाही येणार." मग थोडं थांबून, "वरचा मजला असला तरी चालेल."

चादरी तशाच घेऊन मी स्वयंपाकघरात आले. आता पुढे काय करायचं ते लिही. धाकट्याला विचारू? विचारलं आणि तो खाली बघत बसला तर?

आक्का

२५ फेब्रुवारी

ती. मामा,

तुमच्या भाचेसुनेचा नमस्कार. मी तुम्हाला पत्र लिहिते आहे याचं तुम्हाला नवल वाटेल. फोन करणार होते, पण घरातून केला तर आईंना ऐकू जातं. बंद दारातूनही जातं, आणि त्या वेळी त्या नेहमी काहीतरी कपाटात ठेवत असतात.

तुम्ही त्यांच्या सगळ्यांत जवळचे, म्हणून तुम्हालाच विचारते. माझं काय चुकलं? आठवड्याभरापूर्वी त्यांनी वाय-फायचा पासवर्ड बदलला. बदलला तर बदलला, त्यांचं घर आहे. माझा फोन घेतला आणि म्हणाल्या, "तुझा दुसराही आण." माझ्याकडे एकच फोन आहे, तोही काच तडकलेला. मला काय बोलावं तेच सुचेना. मी "बरं" म्हटलं आणि खोलीत येऊन सगळे खण उघडून बघितले. न जाणो, मीच कुठलातरी जुना फोन विसरले असेन. काही सापडलं नाही.

तेही मी सोडून दिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी कामाला बसले तर माझा कॉम्प्युटर वेगळ्याच नेटवर्कवर. त्याचं नाव बघितलं. 'पाहुणे'. मामा, या घरात टीव्हीसुद्धा घरच्यांत आहे. मी पाहुण्यांत.

यांना दाखवलं तर हे म्हणाले, "अगं, आईचं काहीतरी तांत्रिक असेल." असेलही. पण कारण सांगायला एक वाक्य लागतं, आणि ते कुणी मला सांगितलं नाही. तुम्ही त्यांना असं काही करायला सुचवलं होतंत का? तुम्ही सुचवलं असेल तर निदान मला एवढं तरी कळेल, की ते माझ्यासाठी नव्हतं.

आम्ही खोल्या बघतो आहोत. हे मनातून तयार नाहीत, पण मी म्हटलं तेव्हा नाहीही म्हणाले नाहीत. एक जागा फोनवर तरी बरी वाटली. आईंना आमच्याबरोबर राहायला येता का असं विचारायचं मनात होतं, पण त्या यायच्या नाहीत हे विचारायच्या आधीच माहीत होतं. थोरल्या जाऊबाई गेल्या तेव्हा मी या घरात नव्हते. त्या का गेल्या ते मला कुणी सांगितलेलं नाही, पण आता थोडं थोडं कळतंय असं वाटतं.

हे त्यांना सांगू नका. मामींना नमस्कार.

तुमची भाचेसून

१ मार्च

आक्का,

थोडक्यात लिहितो. धाकट्याला काही विचारू नकोस, तिलाही नको. आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. खोक्यावर ते नाव नेमकं कुठल्या इंग्रजी अक्षरांत होतं? तू मला मराठीत 'सून' लिहून पाठवलंस आणि मीही तेच धरून चाललो. आपण दोघांनी ते वाचलं की ठरवलं, हा प्रश्न मला परवापासून पडला आहे. एक एक अक्षर वेगळं लिहून पाठव. आपल्या शब्दांना इंग्रजी अक्षरं घातली की फसगत होते. 'मला' लिहिलंय की 'माळा', तेसुद्धा ओळखू येत नाही.

दुसरं. वेगळं नेटवर्क कर असं मी सांगितलं, ते कामाच्या सुरक्षेसाठी, आणि ते योग्यच आहे. मोठ्या ऑफिसांतही तसंच करतात. पण का केलं ते तिला सांगायला हवं होतं, आणि 'पाहुणे' हे नाव माझं नव्हे. नेटवर्क मी सांगितलं, नाव तू दिलंस. दुसरं काहीही चाललं असतं. 'ऑफिस' चाललं असतं.

संशय घेण्यात तू माझ्यापेक्षा हुशार आहेस हे मी कायम मान्य करत आलो. या वेळी जरा सबुरीनं घे.

भाऊ

७ मार्च

चि. भाऊ,

अक्षरं होती एस, यू, एन. तुला आता सांगून उपयोग नाही, कारण त्यांचा अर्थ मला कळून चुकला आहे. तुझं पत्र हातात होतं तेवढ्यात दार वाजलं. बघते तर तो गच्चीवर पॅनल बसवणारा धांदरट.

"काकू, आमचा सन बंद पडलाय."

"कुणाची सून?"

"सून नाही हो, सन. सूर्य. वरचं सौर मशीन. सन झिरो टू. रोज किती वीज झाली ते मशीन आमच्या ऑफिसला कळवतं. गेले काही दिवस काहीच येत नाही, म्हणून साहेबांनी पाठवलं. तुमचं वाय-फाय बदललंत का?"

मी म्हटलं, "सगळ्या इमारतीचं मशीन माझ्या वाय-फायवर कशासाठी?"

"तुमचं घर गच्चीला लागून ना. आणि तुम्हीच तर दिलंत! मी विचारलं होतं, काकू, इथून कनेक्शन घेऊ का? तुम्ही म्हणालात, घ्या की, विचारता काय."

म्हणाले असणार. मला वाटलं त्याला ड्रिलसाठी प्लग हवाय. कनेक्शन या शब्दावर मी पोट भरलं, भाऊ, आणि तोच मला भलता ऐकू आला. मी त्याला पाणी आणायला आत गेले आणि त्यानं तुझं ते मागचं बटण दाबलं.

हे सगळं ती तिच्या खोलीच्या दारात उभी राहून ऐकत होती. या वेळी दार उघडं होतं. मला वाटलं हसेल. हसली असती तर बरं झालं असतं. तो माणूस जिना उतरला तशी म्हणाली, "आई, दुसरा फोन म्हणजे हा?"

"हो."

"आणि पाहुणे?"

मी सगळं तुझ्यावर ढकललं. सांगितलं की मामानं लिहिलं होतं, ऑफिसचं काम सुरक्षित राहावं म्हणून असतं ते, सगळीकडे करतात. ती शांतपणे म्हणाली, "नेटवर्क मामांनी सांगितलं. नाव तुम्ही दिलंत."

तुझं पत्र अजून माझ्या हातात होतं. त्यात हेच वाक्य, शब्दाला शब्द. आणि 'पाहुणे' हे नाव मी तुला कधी लिहिलंच नव्हतं, माझ्या लक्षात आहे. म्हणजे तिनं तुला लिहिलं, तू तिला लिहिलंस, आणि दोघं माझ्यापासून लपवत होतात. एरवी मी दोघांनाही सोडलं नसतं. पण घरातल्या माणसाला माझ्याबद्दल विचारायला दुसऱ्या गावी पत्र टाकावं लागलं, हे मला त्याहून जास्त लागलं.

मी आत गेले, खोक्याच्या आतल्या पानाचा पासवर्ड कागदावर लिहिला आणि तिच्या हातात ठेवला. म्हटलं, "आता हे तू बघ. मला यापुढं सांगायचीही गरज नाही." तिनं कागदाकडे बघितलं. "चार शब्द?" म्हणाली. मी म्हटलं, "मामाचे." तेव्हा कुठे थोडीशी हसली. म्हणजे मला तसं वाटलं. मी आता वाटण्यावर फारसा भरवसा ठेवत नाही.

"खोल्यांचं काय?" रात्री पानं वाढताना मी विचारलं. सरळ विचारलं, तुझ्या बायकोला सांग.

"रविवारी बघायला जायचंय. त्यांना शब्द दिलाय."

"मग?"

"मग बघू, आई."

"मी येऊ का बघायला?" हे माझ्या तोंडून कसं निघालं ते मला माहीत नाही. धाकटा टेबलाशी जेवत होता, त्याचा घास हातात तसाच राहिला. ती म्हणाली, "वरचा मजला आहे. जिना चढावा लागेल." हो म्हणाली की नाही म्हणाली, ते मी अजून ठरवते आहे. तू काही ठरवू नकोस. आपण दोघांनी मिळून ठरवलं की काय होतं ते बघितलं आहे.

उद्या शनिवार, तिला सुट्टी. दुपारी बसून सगळं नव्यानं करते म्हणाली. गच्चीवरच्या यंत्राला वेगळं ठेवणार, कुणाला कुठं जोडायचं ते ती ठरवणार, पासवर्ड तीच घालणार. सगळ्यांनी आपापली उपकरणं टेबलावर आणून ठेवायची आहेत. मी माझा फोन आत्ताच ठेवून आले. ती मला घरच्यांत घेते की पाहुण्यांत, ते उद्या संध्याकाळी कळेल. जिथं घेईल तिथून तुला फोन करीन.

आक्का